पित्तनलिकेला इजा: आधी निचरा, मग नकाशा

पित्ताशयाचं ऑपरेशन आता इतकं सरावाचं झालंय की जबलपुरात राइट टाउनच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये सोमवारी भरती झालेला पेशंट गुरुवारी घरी बसून भेटायला आलेल्यांना बाटलीतले खडे दाखवत असतो. खडे किती, केवढे, कोणत्या रंगाचे यावर चर्चा होते, चहा होतो, आणि बहुतेकांची गोष्ट तिथेच संपते. ज्यांची संपत नाही, म्हणजे ज्यांच्या पित्तनलिकेला ऑपरेशनमध्ये इजा होते, त्यांच्यासाठी, आणि त्यांच्यासोबत धावपळ करणाऱ्या घरच्यांसाठी हा लेख आहे. यकृताचा तुकडा काढलेल्या, यकृतातली हायडॅटिड (जंतामुळे होणारी) गाठ काढलेल्या किंवा अपघातात यकृत फाटल्यामुळे ऑपरेशन झालेल्या पेशंटांनाही यातलं बरंचसं लागू पडतं.

ऑपरेशननंतर घरच्यांनी ध्यानात ठेवायची मुख्य खूण सोपी आहे. पेशंटला रोज कालच्यापेक्षा बरं वाटलं पाहिजे. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो, कारण पोट फुगवायला भरलेला कार्बन डायऑक्साइड थोडा मागे राहिलेला असतो. ते दुखणं आपोआप जातं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगायला लागलं, जेवण नकोसं झालं, उचक्या सुरू झाल्या, नाडी जोरात चालू लागली, अंगात कसर राहिली, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओव्याचं पाणी देत बसू नये. पोटात सांडलेलं पित्त सुरुवातीला फारसा आरडाओरडा करत नाही. त्यात जंतू शिरेपर्यंत माणूस नुसतं ‘बरं वाटत नाही’ एवढंच म्हणत राहतो, आणि आत पित्त साठत जातं. या टप्प्यावर कावीळ नसते किंवा नावापुरती असते, कारण पित्त अडलेलं नसून बाहेर गळत असतं. ‘डोळे पिवळे नाहीत, मग पित्ताचा काय संबंध?’ हा हिशेब इथे चुकतो.

नळी गळण्याऐवजी क्लिप बसून किंवा टाका पडून बंद झाली असेल, तर चित्र उलट दिसतं. पोट शांत असतं, पण डोळे पिवळे होत जातात, लघवी गडद होते, शौच मातकट रंगाचं होतं आणि अंगाला खाज सुटते. रात्री ती जास्त छळते. तिसरा प्रकार फसवा आहे. ऑपरेशन होऊन कित्येक महिने, कधी वर्षं गेलेली असतात. इजा झालेल्या जागी व्रण आकसून नळी अरुंद झालेली असते, आणि अचानक हुडहुडी भरून ताप येतो. आपल्याकडे, विशेषतः मंडला-दिंडोरी-बालाघाट पट्ट्यात, थंडी वाजून ताप म्हटलं की पहिलं नाव मलेरियाचं निघतं. तपासणी जरूर करावी. पण पित्ताशय काढलेल्या माणसाला असा ताप आला, सोबत उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा डोळे पिवळसर दिसले, तर ‘माझं अमुक साली पित्ताचं ऑपरेशन झालंय’ हे वाक्य डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं. डॉक्टर विचारतीलच असं नाही.

चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारे, नाकात थेंब टाकणारे, कावीळ ‘झाडणारे’ जबलपूरपासून विदर्भापर्यंत सगळीकडे आहेत. विषाणूची कावीळ बऱ्याचदा आपली आपण उतरते, म्हणून त्यांना श्रेय मिळतं. बंद पडलेली नळी मात्र झाडून उघडत नाही. त्यात गेलेले पंधरा दिवस यकृताच्या खात्यातून वजा होतात.

नळी कुठे आणि कशी दुखावते

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. उजव्या आणि डाव्या भागातून एकेक नळी बाहेर येते, दोन्ही मिळून एक होते, वाटेत पित्ताशयाची आखूड नळी तिला येऊन मिळते, आणि ही मुख्य पित्तनलिका स्वादुपिंडाच्या मागून उतरून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. तिची रुंदी ६ मिलिमीटरच्या आसपास. तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. ते आवळलेलं असलं की पित्त मागे दाबाखाली राहतं. हे कडं लक्षात ठेवा, पुढचा बराचसा उपचार त्याच्याभोवती फिरतो.

पित्ताशय सुजून घट्ट चिकटलेलं असेल, तर सर्जनला मुख्य नळीच पित्ताशयाची नळी वाटू शकते. मग तिला क्लिप लागते, ती कापली जाते. कधी क्लिप पित्ताशयाच्याच नळीवर लावलेली असते, पण निसटते. कधी यकृताच्या पृष्ठभागावरून थेट पित्ताशयात येणारी बारीकशी नळी उघडी राहते. या शेवटच्या दोन इजा बऱ्या होण्याच्या दृष्टीने सोप्या, पहिली फार जड. पोट उघडून ऑपरेशन होत असे तेव्हा हजारात एखाद-दोन पेशंटांना अशी इजा व्हायची. दुर्बिणीचं ऑपरेशन नवं होतं त्या काळात हा आकडा हजारात ३ ते ५ पर्यंत गेला. भारतात ते १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी पहिल्यांदा केलं, आणि नंतर ते गावोगाव पसरलं. १९९५ मध्ये अमेरिकेतले सर्जन स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी एक शिस्त मांडली. पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही. दिसतच नसेल तर पित्ताशयाचा चिकटलेला भाग तसाच ठेवून बाहेर यायचं. ऑपरेशनआधी आपल्या सर्जनला ‘फार चिकटलेलं निघालं तर तुम्ही काय कराल?’ असं विचारायला हरकत नाही. ‘काही होत नाही, रोज करतो’ यापेक्षा ‘मग उघडून करू, किंवा अर्धवट ठेवून थांबू’ हे उत्तर मला जास्त भरवशाचं वाटतं.

यकृताच्या ऑपरेशनमध्ये गोष्ट वेगळी असते. गाठ काढताना यकृत कापलं की त्या कापलेल्या पृष्ठभागावर अनेक बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात. सर्जन ती बंद करतात, तरी एखादं राहून जातं. हायडॅटिडच्या गाठीचा यकृतातल्या नळीशी आधीच संबंध जुळलेला असेल, तर गाठ रिकामी केल्यावर त्या भोकातून पित्त येत राहतं. म्हणून अशा ऑपरेशननंतर पोटात ड्रेनची नळी ठेवतात. ड्रेनच्या पिशवीत लालसर पाणी असेल तर पहिल्या दोन दिवसांत ते फिकं होत जायला हवं. त्याऐवजी मोहरीच्या तेलासारखं पिवळं किंवा हिरवट यायला लागलं, तर त्या पाण्याची बिलिरुबिनची तपासणी होते. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर ड्रेनमधलं बिलिरुबिन रक्तातल्यापेक्षा तिप्पट वा जास्त असेल, तर पित्तगळती धरतात. २०११ मध्ये ठरलेली ही आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. यातल्या कितीतरी गळत्या नुसता ड्रेन जागेवर ठेवून, धीर धरून, आपोआप थांबतात. ‘रोज पिशवी भरतेय आणि डॉक्टर काही करतच नाहीत’ असं घरच्यांना वाटतं. पण ताप नसेल, पोट मऊ असेल आणि रोजचं माप कमी होत असेल, तर काही न करणं हाच योग्य उपचार असतो. पिशवी रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहा. तारीख, मिलिलिटर, रंग. या वहीची किंमत पुढच्या डॉक्टरला फार असते.

घाई कशाची आणि कशाची नाही

इजा कळली की घरात एकच सूर लागतो: ‘परत उघडा आणि जोडून टाका.’ यावर माझं मत ठाम आहे. पहिल्या काही दिवसांत, पित्ताने सुजलेल्या पोटात, या कामाचा सराव नसलेल्या हातांनी केलेली जोडणी ही पेशंटचं सर्वांत मोठं नुकसान करते. सहा मिलिमीटरची नळी, सुजलेली, बोटाखाली फाटणारी. तिथे टाके धरत नाहीत, धरले तरी आकसतात, आणि प्रत्येक फसलेल्या जोडणीनंतर नळीचा निरोगी भाग यकृताकडे थोडा वर सरकतो. चांगल्या दुरुस्तीची सर्वांत मोठी संधी पहिल्या दुरुस्तीत असते.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचं उदाहरण वैद्यकीय वर्तुळात आजही निघतं. एप्रिल १९५३ मध्ये लंडनला त्यांचं पित्ताशय काढताना नळीला इजा झाली. त्याच महिन्यात दुसरं ऑपरेशन झालं, भागलं नाही. शेवटी जूनमध्ये बोस्टनला जाऊन रिचर्ड कॅटेल या सर्जनकडून दुरुस्ती करून घ्यावी लागली. पंतप्रधान झाल्यावर, सुएझचं संकट ऐन भरात असताना, ऑक्टोबर १९५६ मध्ये त्यांना १०६ फॅरनहाइटपर्यंत ताप चढून रुग्णालयात जावं लागलं. तीन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला आणि पुढेही त्यांच्यावर ऑपरेशनं झाली. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या माणसाची ही कथा. तेव्हा तोंडावाटे नळीपर्यंत पोचणारी दुर्बीण नव्हती. ती पहिल्यांदा १९६८ मध्ये वापरली गेली, आणि १९७४ मध्ये जपान आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी तिच्यातून ते स्नायूचं कडं कापून दाखवलं. आजच्या पेशंटाकडे असलेला पर्याय ईडन यांच्याकडे नव्हता.

म्हणून घाई दोनच गोष्टींची. सांडलेलं पित्त बाहेर काढणं आणि जंतुसंसर्ग आवरणं. सोनोग्राफीत पाहत सुईने एक बारीक नळी पोटात सोडली की साठा बाहेर येतो. त्याला पोट उघडावं लागत नाही, जागा बधिर करून होतं. सोबत सलाइन आणि अँटिबायोटिक. बहुतेक पेशंट दोन-तीन दिवसांत ओळखू न येण्याइतके सुधारतात. घरचे म्हणतात, ‘झालं, बरे झाले’, आणि पुढची तपासणी टाळतात. ते करू नका. निचरा झाला की नकाशा हवा.

नकाशा म्हणजे एमआरसीपी. एमआरआयच्याच यंत्रावर होते, तिला शरीरात काही घालावं लागत नाही, आणि पित्तनलिकेचं झाड मुळापासून फांद्यांपर्यंत दिसतं. नळी अखंड आहे का, कुठे तुटली, उजवी-डावी अजून एकमेकींना जोडलेली आहे का, हे तिच्यावरून ठरतं. सोबत सीटी स्कॅन, त्यात रक्तवाहिनीला धक्का लागलाय का तेही पाहतात. रिपोर्टचा कागद पुरत नाही. मूळ चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या. पुढचा डॉक्टर कागद बाजूला ठेवून चित्रंच पाहील.

तोंडावाटे दुर्बीण

नळी अखंड आहे आणि कुठूनतरी गळतेय, किंवा अरुंद झालीय पण पूर्ण तुटलेली नाही, अशा पेशंटांसाठी ईआरसीपी, म्हणजे तोंडावाटे नळीपर्यंत जाणारी दुर्बीण. हे काम पोटविकारतज्ज्ञ करतात, सर्जनच करतात असं नाही. त्यामागचा विचार साधा आहे. पित्ताला गळतीच्या भोकातून बाहेर पडणं सोपं जातं, कारण खालचं कडं दाब धरून असतं. कडं सैल केलं किंवा त्यातून एक नळी आरपार ठेवली की पित्ताला आतड्यात जाणंच सोपं होतं. भोकावरचा दाब गेला की ते आपलं आपण बुजतं. भोकाला कोणी हातही लावत नाही. पित्ताशयाच्या नळीची क्लिप निसटून होणाऱ्या गळतीत दहापैकी नऊहून अधिक पेशंट एवढ्याने बरे होतात.

प्रत्यक्षात काय होतं, ते माहीत असलं की भीती कमी होते. सहा ते आठ तास उपाशी ठेवतात. एक्स-रेच्या टेबलावर पालथं किंवा डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात, शिरेतून गुंगीचं औषध. दुर्बीण जठरातून पुढे आतड्यात जाते. साध्या एंडोस्कोपीत भिंग समोर असतं, इथे ते बाजूला असतं, कारण नळीचं तोंड आतड्याच्या भिंतीत बाजूला आहे. ते छोट्याशा गुलाबी उंचवट्यासारखं दिसतं. त्यातून केसासारखी तार आत सरकवतात, मग रंगद्रव्य सोडतात, आणि एक्स-रेच्या पडद्यावर नळी काळी भरत जाते. गळती असेल तिथे रंग नळीबाहेर ढगासारखा पसरतो. तारेवरून प्लॅस्टिकचा स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ढकलला की त्याच्या तोंडातून लगेच पित्त आतड्यात यायला लागतं. स्टेंटच्या पाकिटावर ‘७ फ्रेंच’ किंवा ‘१० फ्रेंच’ लिहिलेलं असतं. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, तेव्हा १० फ्रेंचचा स्टेंट सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास जाड. पुढच्या काही दिवसांत पोटातल्या ड्रेनचं माप उतरत जातं, आणि तुमची वही ते दाखवते.

आधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेहाची इन्शुलिन किंवा गोळी, कुठल्या औषधाची ॲलर्जी, बाईंना दिवस गेलेत का, दात हलताहेत का किंवा कवळी आहे का. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती लिहून देणाऱ्या हृदयविकारतज्ज्ञांना विचारूनच. कावीळ बरेच दिवस असेल तर रक्त गोठायला वेळ लागतो, त्यासाठी आधी व्हिटॅमिन के देतात.

धोका आहेच. ईआरसीपीनंतर शंभरात साधारण तीन ते दहा जणांना स्वादुपिंडाला सूज येते. तो धोका कमी करायला गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिनची वात देतात. ‘हे कशाला?’ म्हणून नर्सशी हुज्जत घालू नये. घरी गेल्यावर पोटाच्या वरच्या भागात पाठीकडे जाणारी कळ, उलट्या, काळं शौच किंवा ताप आला, तर त्याच रात्री परत जायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

बरगडीमधून सुई

कधी खालून तार वर जात नाही. नळी पूर्ण बंद असते, किंवा तुटून दोन टोकं दूर गेलेली असतात, किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे आतड्याची मांडणी बदललेली असते. मग वरून येतात. इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या आधाराने बरगड्यांमधून यकृतात सुई घालून आतल्या एखाद्या नळीत पोचतात आणि बारीक ड्रेन बसवतात. याला पीटीबीडी म्हणतात. गळतीत नळ्या फुगलेल्या नसतात, त्यामुळे हे काम अवघड असतं. सराव असलेलाच माणूस हवा. अवघड जागी वरून आणि खालून दोघं मिळून एकच तार पकडतात, असंही होतं.

ही नळी घेऊन पेशंट घरी येतो, तेव्हा घरच्यांची परीक्षा असते. पिशवी कमरेच्या खाली राहिली पाहिजे. कुशी बदलताना ओढली जाणार नाही अशी पट्टी लावून घ्या. डॉक्टरांनी सलाइनने धुवायला सांगितलं असेल तर हात साबणाने धुवून, त्यांनी दाखवलं तसंच आणि तेवढंच, जोर न लावता. रोज बाहेर जाणारं पित्त म्हणजे शरीरातून जाणारं पाणी आणि मीठही. जबलपूरच्या मे महिन्यात पिशवी जास्त भरत असेल तर पेशंट फार लवकर कोरडा पडतो. ओआरएस चालू ठेवा आणि लघवी कमी झाली तर कळवा. पिशवीत अचानक रक्त, किंवा अचानक काहीच नाही, दोन्ही फोन करण्याच्या गोष्टी.

जेव्हा कमी छेद पुरत नाही

दुर्बीण आणि सुईचा हा कमी छेदाचा उपचार प्रत्येकाला पुरतो असं मी सांगणार नाही. मुख्य नळी आरपार कापली गेली असेल, तर स्टेंट कशातून घालणार? दोन टोकांमध्ये नळीच नसते. अशा वेळी सुई आणि ड्रेन पेशंटला सावरून धरतात, आणि सूज उतरल्यावर, बहुधा सहा-आठ आठवड्यांनी, लहान आतड्याचा एक लूप वर आणून थेट यकृताच्या नळीला जोडतात. सरावलेल्या हातांत दहापैकी जवळपास नऊ जणांचं हे ऑपरेशन दीर्घकाळ चांगलं टिकतं. काही मोठ्या केंद्रांत तेही दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या मदतीने होतं. पण इथे छेदाची लांबी बघू नका, सर्जनने अशा दुरुस्त्या किती केल्यात ते विचारा.

जबलपुरातून पुढचा मार्ग ठरवताना आधी इथेच विचारा. नागपूर रोडवरचं नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज असो की खासगी रुग्णालय, प्रश्न दोन. ईआरसीपी करणारे डॉक्टर इथे नियमित करतात का? आणि नळी तुटलेली निघाली तर तुम्ही कोणाकडे पाठवता? दुसऱ्याचं उत्तर चटकन आलं तर माणूस जाणता आहे असं समजा. साधी गळती असेल आणि इथे ईआरसीपी होत असेल, तर उगाच गाव सोडण्यात अर्थ नाही. मोठ्या इजेला आपल्या मराठी घरांचा कल सहसा नागपूरकडे असतो. मामा-मावशी तिथे, भाषा आपली, लखनादौन-सिवनीमार्गे पावणेतीनशे किलोमीटरच्या आत रस्ता. नागपूरचं सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आणि तिथलं एम्स, भोपाळचं एम्स, आणि लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था इथे चौकशी करता येते. लखनौच्या या संस्थेत या इजांवर दीर्घकाळ काम झालं आहे. तिथले तेव्हाचे डॉ. विनय कपूर यांनी संपादित केलेला, फक्त याच इजेवरचा ग्रंथ २०२० मध्ये निघाला. आणि चित्रकूट एक्स्प्रेस जबलपूरहून थेट लखनौला जाते, हे आपण विसरतो. नातेवाईक कुठे राहतात यावरून सर्जन ठरवू नये एवढंच.

निघण्याआधी निचरा झालेला हवा. तापाने फणफणलेल्या, रक्तदाब उतरलेल्या पेशंटला तसंच गाडीत घालून नागपूरच्या वाटेवरच्या खवासापर्यंत नेणं धोक्याचं आहे. इथेच ड्रेन आणि अँटिबायोटिक, मग प्रवास. सोबत मूळ ऑपरेशनची सविस्तर नोंद घ्या. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लेखी अर्ज करा, भांडण नको. पेशंट सावरेपर्यंत भांडणाला वेळही नसतो. ज्या सर्जनने स्वतःहून ‘माझ्या हाताबाहेरचं आहे, तिकडे जा’ म्हटलं, त्याने तुमचं भलंच केलंय. आयुष्मान कार्ड असेल तर ते राज्याबाहेरच्या यादीतल्या रुग्णालयातही चालतं. वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट नाही. नेमकी प्रक्रिया त्या रुग्णालयात बसते का, ते १४५५५ वर किंवा तिथल्या आयुष्मान मित्राला निघण्याआधीच विचारून घ्या.

स्टेंटची तारीख

सगळं सुरळीत झाल्यावर जी एक चूक सर्वाधिक घरांत होते ती इथे. स्टेंट आत आहे, पोट दुखत नाही, भूक लागते, शेतीचं काम आलं, मुलीचं लग्न निघालं, आणि स्टेंट विसरला जातो. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत आतून गाळाने बुजायला लागतो. त्यानंतर तो उपचार राहत नाही, जंतूंना घर होतो. वर्षानुवर्षं विसरलेले स्टेंट तापाने, पिवळ्या डोळ्यांनी, भोवती खडे धरलेल्या अवस्थेत परत येतात, आणि ते काढणं बसवण्यापेक्षा अवघड असतं. नुसत्या गळतीसाठी घातलेला स्टेंट बहुधा चार ते आठ आठवड्यांत निघतो. अरुंद झालेल्या नळीसाठी एकाशेजारी एक असे अनेक स्टेंट, दर तीन महिन्यांनी बदलत, साधारण वर्षभर ठेवतात. कुठे त्याऐवजी झाकलेला धातूचा स्टेंट सहा महिने ते वर्ष ठेवतात. त्याचा खर्च जास्त, फेऱ्या कमी. नागपूरला दर फेरीचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि राहण्याचा खर्च धरला, तर महाग वाटणारा पर्याय कधीकधी स्वस्त पडतो. हा हिशेब डॉक्टरांसमोर उघडपणे मांडा, ते त्यात मदत करतात.

डिस्चार्ज कार्डावर चार गोष्टी लिहून घ्या: स्टेंट प्लॅस्टिकचा की धातूचा, किती, कोणत्या तारखेला घातले, आणि कोणत्या तारखेच्या आत काढायचे. ती शेवटची तारीख कालनिर्णयवर आणि घरातल्या दोन माणसांच्या मोबाइलमध्ये टाका. पेशंटच्या एकट्याच्या नको.

स्टेंट निघाल्यावर किंवा जोडणीचं ऑपरेशन झाल्यावरही पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा यकृताच्या रक्ततपासण्या कराव्यात. अरुंदपणा परतायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो, पण दहा वर्षांनी परतल्याचीही उदाहरणं आहेत. त्या रिपोर्टमध्ये बिलिरुबिनवर नजर टाकून कागद घडी घालू नका. अल्कलाइन फॉस्फेटेज आधी चढतं, डोळे पिवळे व्हायच्या कितीतरी आधी. आणि ज्यांचं आतड्याला जोडायचं ऑपरेशन झालंय त्यांनी पुढे कधीही, कुठल्याही गावी, एंडोस्कोपी किंवा ईआरसीपीची वेळ आली तर ते ऑपरेशन झाल्याचं आधीच सांगावं. नेहमीची दुर्बीण त्या नव्या जोडणीपर्यंत पोचत नाही. तिथे बहुधा बरगडीमधूनच जावं लागतं, आणि हे टेबलावर झोपवल्यावर कळण्यापेक्षा आदल्या दिवशी कळलेलं बरं.